तुम्ही विचारलंत म्हणून: गोधडीला ऑनलाइन गिऱ्हाईक कुठून येतं

प्रदर्शनात स्टॉल लावला की हा प्रश्न हमखास येतो, "ताई, ऑनलाइन ऑर्डरी कशा मिळतात हो, इन्स्टावर फॉलोअर्स किती लागतात?" आता तुम्ही विचारलंतच म्हणून सांगते.

आम्ही साताऱ्यात जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवतो, मी आणि आमच्या आळीतल्या चार बायका, सगळा हाताचा धावदोरा. सुरुवातीला मी इन्स्टावर रोज काहीतरी टाकायचे, हिरवी पानं, "इकोफ्रेंडली", "सस्टेनेबल", पृथ्वी वाचवा वगैरे. लाइक यायचे, पण बहुतेक माझ्यासारख्याच धंदा करणाऱ्या बायकांचे, आम्ही एकमेकींना बदाम पाठवत बसायचो आणि विक्री शून्य.

मग एका बाईंनी आजीची लुगडी पाठवली. त्यातलं एक इरकली, काठ शाबूत आणि मध्ये पार विरलेलं, कात्री लावायला हातच धजेना, म्हटलं निदान शूट तरी करून ठेवू. पदर उलगडला तर टोकाला गाठ, आणि गाठीत पन्नास पैशाचं नाणं! तेवढाच व्हिडिओ टाकला, म्युझिक नाही काही नाही, मागे कुकरची शिट्टी. तो असा पळाला की दोन दिवसांत दोनेकशे मेसेज. आणि इथेच माझी फजिती झाली, कारण डबलची एक गोधडी शिवायला आम्हाला दहा-बारा दिवस लागतात, निम्म्या लोकांना उत्तर देईपर्यंत त्यांचा उत्साह संपलेला. एकाने तर विचारलं, "मशीनवर मारून देता का?" (नाही देत.)

खरा धंदा चालतो व्हॉट्सअ‍ॅपवर. प्रदर्शनाच्या वहीतले नंबर घेऊन मी ब्रॉडकास्ट लिस्ट केली (एकच मेसेज एका फटक्यात सगळ्यांना वेगवेगळा जातो), एका लिस्टमध्ये 256 जण बसतात, आणि सहा महिने इमानेइतबारे फोटो पाठवत राहिले. कुणाचं उत्तर नाही. मग भाच्याने सांगितलं, मावशी, समोरच्याने तुझा नंबर सेव्ह केला असेल तरच ब्रॉडकास्ट त्याला पोचतो! म्हणजे मी सहा महिने भिंतीशी बोलत होते. आता स्टॉलवर बिल देण्याआधी समोरच "गोधडी सातारा" म्हणून नंबर सेव्ह करून घेते, महिन्यातून दोनच मेसेज, गुड मॉर्निंग अजिबात नाही, आणि कॅटलॉगमध्ये किंमत उघड लिहिलेली. ते "प्राइस इनबॉक्स केलीय" प्रकरण मला स्वतःलाच चीड आणतं.

लिंक्डइनवरून एकदाच ऑर्डर आली, दिवाळी गिफ्टची, पंधरा दिवसांत दोनशे नग. हात जोडले.

एक चूक मात्र सगळ्यांनी टाळा. पहिली काही पार्सलं मी कुरिअरच्या प्लास्टिक पिशवीत पाठवली, आणि एका ताईंनी त्याच पिशवीचा फोटो स्टेटसला लावला, खाली लिहिलं "पर्यावरणपूरक 🙂". राज्यात प्लास्टिकबंदी 2018 पासून आणि मी ही अशी! तेव्हापासून मांजरपाटात गुंडाळून, सुतळीने बांधून पाठवते, खर्च वाढतो, तो गोधडीच्या किमतीत धरते आणि तसं सांगते. "100% इकोफ्रेंडली" लिहिणंही बंद केलं. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगवर (पर्यावरणपूरक असल्याचा पोकळ दावा) नियमावली काढली, म्हणजे असला दावा केला तर पुरावा हवा, आणि आमच्याकडे येणाऱ्या साड्यांत सिंथेटिकही असतातच की. मग सरळ लिहिते, वर सुती, आत दोन थर सिंथेटिक. त्यावरून ऑर्डर मोडल्याचं मला तरी आठवत नाही, उलट लोक विचारतात, आमची सिंथेटिक साडी पण घालाल का आत.

तर फॉलोअर्स माझे एकोणीसशे, त्यातल्या किती जणांनी गोधडी घेतली ते बोटांवर मोजता येईल. लिस्टमध्ये दोनशे बारा लोक आहेत आणि चार बायकांच्या हाताला तेवढं काम पुरून उरतं. पावसाळ्यात तर मी स्टेटससुद्धा टाकत नाही, आलेल्या साड्या धुऊन वाळवायला ऊन कुठाय? दसऱ्यानंतर बोला.