कॉर्करी मास्तरांचा फळा
(एका माजी विद्यार्थ्याचे मनोगत)

स्मरणिका समितीने शाळेच्या आठवणी मागवल्या आहेत. मधल्या सुट्टीतल्या चिंचा, छडी, स्नेहसंमेलन हे सगळे इतरांनी माझ्यापेक्षा चांगले लिहिले असणार. मी एका दुसऱ्याच शाळेबद्दल लिहितो. ती आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात होती, नाव सेंट पॅट्रिक्स. तिथले एक मास्तर आणि त्यांचा पुढे कथाकार झालेला एक विद्यार्थी यांच्याकडून कथा लिहिण्याबद्दल जे शिकता येते, ते आपल्या हस्तलिखितात लिहिणाऱ्या मुलामुलींच्या कामी यावे.

विद्यार्थ्याचे नाव मायकेल फ्रान्सिस ओ'डोनोव्हन, जन्म 1903. बाप निवृत्त सैनिक, बँडमध्ये मोठा ढोल वाजवणारा आणि पिण्याच्या फेऱ्यांत घर धुऊन काढणारा. आई मिनी अनाथाश्रमात वाढलेली. लोकांची घरकामे करून ती संसार चालवी. मास्तर होते डॅनियल कॉर्करी. ठेंगणे, पायाने अधू, स्वतः कथाकार आणि जलरंगात चित्रे काढणारे. एका दुपारी त्यांनी इंग्रजी माध्यमाच्या त्या वर्गात फळ्यावर आयरिश भाषेत एक ओळ लिहिली. अर्थ असा की, ‘बान्बा, आपले धैर्य जागे कर’. बान्बा हे आयर्लंडचे जुने नाव. मायकेलला त्यातले अक्षर कळले नाही. घरी वडिलांची आई होती, अनवाणी फिरणारी, काळी बिअर पिणारी, आणि आयरिश बोलणारी. पोराने तिला विचारले. ज्या म्हातारीची त्याला लाज वाटे, तिच्याचकडे मास्तरांच्या ओळीची किल्ली निघाली.

शाळा लवकर सुटली. रेल्वेत निरोप्याची नोकरी, ती टिकली नाही. आयर्लंडच्या यादवी युद्धात तो इंग्लंडशी झालेल्या तहाच्या विरोधकांच्या बाजूने होता. 1923 मध्ये पकडला गेला आणि गॉरमन्स्टनच्या छावणीत त्याने कैद भोगली. सुटल्यावर ग्रंथपाल झाला. सरकारी पगार आणि लेखन यांची गाठ पडू नये म्हणून स्वतःचे मधले नाव आणि आईचे माहेरचे आडनाव जोडून घेतले, तेच फ्रँक ओ'कॉनर. पुढे डब्लिनच्या ॲबी थिएटरचा संचालक, ‘न्यू यॉर्कर’ या अमेरिकन साप्ताहिकाचा लेखक, हार्वर्ड आणि स्टॅनफर्डमध्ये शिक्षक. पदवी एकही मिळवलेली नाही.

आता त्याची पद्धत. कथा सुचली की आधी तो तिचा विषय चार ओळींत मांडी. चारच. त्यात माणसांची नावे नाहीत, गाव नाही, हवापाणी नाही. बीजगणितासारखे क्ष आणि य. त्याच्या एका कथेचा गाभा असा: क्ष परदेशात य शी लग्न करते. य मरतो. क्ष य च्या आईवडिलांकडे राहायला येते, पण तो गेला हे त्यांना सांगत नाही. बस. एवढ्यात चुटपुट लागली तर कथा आहे. नाही लागली तर पुढे पंधरा पाने पाऊस आणि संध्याकाळ घातली तरी ती उभी राहायची नाही. हस्तलिखितातल्या बहुतेक कथा इथेच मार खातात. सुरुवात ‘पहाटेची वेळ होती’ अशी होते आणि तिसऱ्या पानावर लेखकालाच कळत नाही की काय घडायचे आहे.

चार ओळी जमल्या की पहिला खर्डा भराभर, कसाही. भाषा वाईट असली तरी चालेल, कथेचा आराखडा कागदावर दिसला पाहिजे. खरे काम त्यानंतरचे, पुनर्लेखन. काही कथा आपण पन्नासेकदा लिहिल्या असे तो सांगे, आणि पुस्तकात छापून आल्यावरही त्याचा हात थांबत नसे.

याचा नमुना म्हणून ‘फर्स्ट कन्फेशन’ ही कथा घ्या, म्हणजे पाद्र्यासमोर पहिल्यांदा केलेले पापनिवेदन. 1935 मध्ये ती ‘रिपेन्टन्स’ या नावाने आली, तृतीयपुरुषी. पुढे तिचे रूप बदलत गेले आणि 1951 च्या ‘ट्रॅव्हलर्स सॅम्पल्स’ या संग्रहात ती सात वर्षांच्या पोराच्या तोंडी आली. आजी घरी राहायला येते, अनवाणी चालते, बटाटे हाताने खाते (ही म्हातारी आपल्या ओळखीची आहे). पोरगा तिच्या हातचे जेवायला नकार देतो, टेबलाखाली ब्रेडची सुरी घेऊन बसतो आणि धरायला आलेल्या बहिणीवर ती उगारतो. पापनिवेदनाची तयारी करून घेणारी बाई नवे कोरे अर्ध्या क्राउनचे नाणे दाखवून म्हणते, मेणबत्तीच्या ज्योतीत एक बोट पाच मिनिटे धरील त्याला हे. शाळेच्या घड्याळाने मोजून पाच मिनिटे! शेवटी कबुलीच्या अंधाऱ्या खोक्यात हा पोरगा हात टेकायच्या फळीवर चढतो आणि धाडकन बाहेर पडतो.

‘तो’ चा ‘मी’ केल्याने काय झाले? तृतीयपुरुषात निवेदक पोराच्या डोक्यावर उभा असतो. कधी कीव करतो, कधी हसतो, आणि दोन्ही वेळा पोरगा लहान होतो. ‘मी’ मध्ये पोरगा स्वतः हसत नाही. आजीचा खून करायचे ठरवले होते, हे तो हिशेबाच्या वहीसारखे सांगतो, आणि हसू आपल्याला येते. पण हे दर वेळी चालत नाही. मुलाच्या तोंडी मोठ्यांचे शहाणपण आले की सगळे बिघडते. ओ'कॉनरचा पोरगा पाद्र्याने दिलेल्या गोळ्या चघळत घरी येतो, शहाणपण शिकून येत नाही. चांगले वागून फायदाच नाही ही तक्रार शेवटी बहिणीची.

पुनर्लेखनाचा तोटाही सांगितला पाहिजे. ‘गेस्ट्स ऑफ द नेशन’ (1931) ही त्याची सर्वांत गाजलेली कथा. आयरिश स्वातंत्र्ययुद्धातले दोन इंग्रज कैदी, बेल्चर आणि हॉकिन्स. त्यांच्यावर पहारा ठेवणारे आयरिश तरुण. रोज रात्री पत्त्यांचा डाव. हॉकिन्स देव आणि भांडवलदार यांवर वाद घालतो, अबोल बेल्चर घरातल्या म्हातारीला सरपण आणून देतो. मग हुकूम येतो, सूड म्हणून दोघांना दलदलीत नेऊन गोळ्या घाला. 1954 मध्ये ओ'कॉनरने ही कथा पुन्हा घासली, बोलीचे कंगोरे काढले. मला पहिलीच आवडते. त्या खडबडीतपणात पोरांचा घोळका ऐकू येतो. संग्रहांत दोन्ही पाठ सापडतात. उतारा देणाऱ्याने कोणता पाठ हातात आहे हे आधी पाहावे.

मायदेशाने त्याला फार लाडावले नाही. 1945 मध्ये त्याने ब्रायन मेरिमनच्या अठराव्या शतकातल्या आयरिश काव्याचा इंग्रजी अनुवाद केला, ‘द मिडनाइट कोर्ट’. त्यावर बंदी आली. मूळ आयरिश काव्य मात्र खुशाल दुकानात. ‘ट्रॅव्हलर्स सॅम्पल्स’वरही बंदी होतीच.

कॉर्करी मास्तरांशीही पुढे पटले नाही. त्यांनी 1931 च्या ग्रंथात खऱ्या आयरिश साहित्याच्या तीन खुणा सांगितल्या: धर्मजाणीव, राष्ट्रवाद आणि जमीन. ओ'कॉनरला ही चौकट काचली. त्याची माणसे चौकटीबाहेरची. ‘द लोनली व्हॉइस’ या स्टॅनफर्डच्या व्याख्यानांतून आलेल्या पुस्तकात तो म्हणतो की कादंबरीला समाज लागतो, कथा मात्र समाजाच्या कडेला दबून राहिलेल्यांची: रशियन लेखक गोगोलचा कारकून, एकटे पाद्री, वेश्या, पोरे.

1961 मध्ये त्याचे बालपणाचे आत्मचरित्र आले, ‘अ‍ॅन ओन्ली चाइल्ड’. कॉर्करी तेव्हा 83 वर्षांचे होते, हयात होते. वर्षानुवर्षांचा मतभेद ओ'कॉनरने लपवलेला नाही. पण फळ्याचा तो प्रसंग पुस्तकात आहे, आणि ती ओळ आयरिशमध्येच छापली आहे.