आमची वाटचाल: कॅसेटपासून तारखेपर्यंत

दुकान सुरू झालं तेव्हा पाटीवर एकच ओळ होती: कॅसेटची सीडी करून मिळेल. लग्नातल्या मंगलाष्टकांच्या, कीर्तनाच्या, आजोबांच्या आवाजाच्या कॅसेट यायच्या. त्यांतच मधूनमधून लेबलवर नुसतं ‘फंक्शन, साइड बी’ लिहिलेली एखादी असायची. तिच्यात दोन गिटार, ड्रम, शिट्ट्या आणि इंग्रजी गाणी निघत. अशा गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न आवाज कितपत साफ होईल हा नसे. हा कार्यक्रम नेमका कोणत्या साली झाला, हे त्याला हवं असे. आज आमचं मुख्य काम तेच आहे. नागपुरात जुन्या काळी झालेले रॉकचे कार्यक्रम शोधायचे, त्यांना तारीख, जागा आणि वाजवणारी मंडळी जोडायची आणि हे सगळं कागदावर सिद्ध करायचं. महाविद्यालयांचे महोत्सवी अंक, माहितीपट करणारे आणि आता साठी ओलांडलेले गिटारवाले अशी आमची गिऱ्हाइकं.

कॅसेटचं काम सुटलेलं नाही, कारण बहुतेक शोध तिथूनच सुरू होतो. आलेली कॅसेट आम्ही थेट डेकमध्ये घालत नाही. आधी खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरी बुरशी आहे का ते बघतो. नागपूरचा पावसाळा आणि बंद लोखंडी कपाट असलं की ती हमखास धरते. मग टेप हेडला टेकवणारी फेल्टची गादी तपासतो. तिचा गोंद सुकून ती गळून पडलेली असते आणि मग आवाज दबका येतो, मधेमधे बुडतो. पाच स्क्रूचं कवच असेल तर गादी बदलायला दहा मिनिटं पुरतात. चिकटवलेलं कवच मात्र कापून टेप नव्या कवचात घालावी लागते. सी-९०ची (म्हणजे ९० मिनिटांची) टेप सी-६०पेक्षा पातळ आणि सी-१२०ची त्याहून पातळ, म्हणून सी-१२०वर आम्ही जलद रिवाइंड करतच नाही. यानंतर हेडचा कोन. आवाज मोनोवर, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र करून, ऐकत हेडचा बारीक स्क्रू हलवायचा आणि झांजांचा आवाज मोकळा झाला की थांबायचं. नोंद २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइलमध्ये. तासाला सुमारे २.०७ जीबी, म्हणजे पूर्ण सी-९०ला तीन जीबीहून थोडी जास्त जागा लागते. एमपी३ फक्त गिऱ्हाइकाच्या मोबाइलसाठी.

खरी मेख आहे वेगात. असे कार्यक्रम बहुधा सेलवर चालणाऱ्या रेकॉर्डरवर घेतलेले असतात. सेल उतरत गेले की रेकॉर्डर हळू चालतो, आणि तीच टेप चांगल्या डेकवर लावली की गाणं पळतं. वेग जुळवायला आपल्याकडची वीजच कामाला येते. गिटारच्या ॲम्प्लिफायरची घरघर टेपवर उतरलेली असते आणि आपली वीज ५० हर्ट्झची. संगणकावर आलेखात ती रेघ ५२वर दिसली, तर टेप ४ टक्के जलद चालते आहे. म्हणजे गाणं जवळजवळ पाऊण स्वरार्ध चढलेलं आहे. रेघ शेवटाकडे चढत गेली तर सेल उतरत होते. रेघ लाटेसारखी हलली आणि बँड जोरात वाजला की खाली गेली, तर वीज जनरेटरची समजायची, कारण भार वाढला की त्याची गती पडते. तेव्हा ५०चा आधार सुटतो आणि कीबोर्डच्या सुरावर भिस्त ठेवावी लागते. तोटा झाला तसा फायदाही होतो: जनरेटर म्हणजे बहुधा मोकळं मैदान, आणि जागेचा शोध तेवढा आखूड होतो.

पण टेप साल सांगत नाही. ते कागद सांगतो, आणि सगळ्यात बोलका कागद म्हणजे पास किंवा पोस्टर. त्यावर वार आणि तारीख असते, साल नसतं. समजा ‘शनिवार, १४ फेब्रुवारी’ एवढंच छापलं आहे. १९७० ते २००४ मध्ये हा जोड फक्त १९७०, १९७६, १९८१, १९८७, १९९८ आणि २००४ या सहा वर्षांत येतो. पत्त्यात ४४० ने सुरू होणारा पिनकोड असेल तर १९७० गेलं, कारण पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. (नुसतं ‘नागपूर-१’ असेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, पिनकोड आल्यावरही लोक तसंच लिहीत राहिले.) दूरध्वनी सहा आकडी असेल तर २००४ गेलं, कारण तोवर क्रमांकांच्या आधी २ लागून ते सात आकडी झाले होते. व्हीआरसीई या इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचं नाव व्हीएनआयटी झालं २००२ मध्ये, नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं २००५ मध्ये. संस्थेच्या नावावरून अशी आणखी चाळणी लागते. मैदानातला कार्यक्रम रात्री दहाला सुरू होणार असं छापलेलं पोस्टर बहुधा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांच्या आधीचं. उरलेल्या तीन-चार वर्षांसाठी १३, १४ आणि १५ फेब्रुवारीची वर्तमानपत्रं पाहिली की काम झालं.

झालं म्हणायला सोपं. आमच्या सुरुवातीच्या याद्या वर्तमानपत्रांतच फसल्या, कारण आम्ही ‘रॉक’ शोधत होतो. जुन्या मराठी छपाईत तो शब्द फार कमी सापडतो. तिथे ‘पाश्चात्त्य संगीताचा कार्यक्रम’, ‘बीट ग्रुप’, ‘जॅम सेशन’, ‘वाद्यवृंद’ असतं, आणि स्नेहसंमेलनाच्या वृत्तांतात ‘युवकांनी जल्लोष केला’ एवढ्यावर भागवलेलं असतं. म्हणून हितवाद, नागपूर टाइम्स, तरुण भारत, लोकमत आणि नवभारत हे शेजारी ठेवून वाचतो. एकच कार्यक्रम तीन भाषांत तीन नावांनी येतो. दुसरी चूक आवृत्तीची. बांधीव फाइलमध्ये डाक आवृत्ती, म्हणजे बाहेरगावी जाणारी आवृत्ती, असेल तर शहरातल्या ‘आजचे कार्यक्रम’चा रकाना गायब असतो, आणि आपण समजतो की कार्यक्रमच नव्हता. त्यामुळे फाइल उघडली की पहिल्यांदा आवृत्तीचं नाव टिपून घ्यायचं. एका महिन्याच्या फाइलला एका माणसाला साधारण दोन-अडीच तास लागतात. डिसेंबरला जास्त, कारण हिवाळी अधिवेशनाच्या बातम्यांत संस्कृतीला शेवटच्या पानाचा कोपरा मिळतो. पान ठिसूळ असेल तर झेरॉक्स नाही. दोन्ही बाजूंनी तिरके दिवे लावून वरून फोटो, फ्लॅश बंद.

जाहिरात सापडली म्हणजे कार्यक्रम झाला असं नाही. आमच्या नोंदवहीत ‘जाहीर’ आणि ‘झाला’ असे दोन वेगळे रकाने आहेत. ‘झाला’वर खूण करायला दुसऱ्या दिवसाचा वृत्तांत, महाविद्यालयाचा वार्षिकांक, तारखेचा फोटो किंवा सरकारी नोंद लागते, आणि यांपैकी दोन, एकमेकांवर न बेतलेल्या. वार्षिकांकाला जपून. ‘१९७८-७९’चा अंक असला तरी स्नेहसंमेलन त्या सत्राच्या हिवाळ्यातलं, म्हणजे डिसेंबर ७८ की जानेवारी ७९ हे आतल्या मजकुरावरूनच ठरतं. सरकारी नोंदींत करमणूक शुल्काची वही उपयोगी. जुलै २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत तिकिटाच्या कार्यक्रमांना हे शुल्क होतं. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची. ‘सर्व कार्यक्रमांची माहिती द्या’ असं लिहिलं की ‘संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं. अमुक महिन्याची नोंदवही प्रत्यक्ष पाहू द्या, असं मागावं. फुकट पासवरचं गॅदरिंग त्या वहीत सापडणार नाही, हे आधीच धरून चालायचं.

फोटोंबाबत आमचा नियम दोन शब्दांचा आहे: ‘आधीचा नाही’. निगेटिव्हच्या कडेला बारीक पट्ट्यांचा कोड असेल तर ती १९८३च्या आधीची नाही. गिटारवाल्याच्या पायाशी बॉसचा डीएस-१ (आवाज फाटका करणारं पेडल) दिसला तर फोटो १९७८च्या आधीचा नाही, यामाहा डीएक्स-७ कीबोर्ड दिसला तर १९८३च्या, कॉर्ग एम-१ कीबोर्ड असेल तर १९८८च्या आधीचा नाही. नंतरचा किती, हे वाद्य सांगत नाही. एकच कीबोर्ड गणपतीतल्या ऑर्केस्ट्र्यात आणि रॉकच्या मंचावर वर्षानुवर्षं फिरत असे.

माणसांच्या आठवणीला आम्ही सगळ्यात शेवटी हात घालतो. ड्रमवर कोण होतं, कोणाची तार तुटली, आवाज कुठपर्यंत गेला हे माणसं अचूक सांगतात. साल हमखास चुकवतात. म्हणून ‘काका, कोणत्या साली?’ असं विचारत नाही. आणीबाणीच्या आधी की नंतर, १९८३चा विश्वचषक झाला होता का, गोवारींची चेंगराचेंगरी, म्हणजे नोव्हेंबर १९९४, झाली होती का, असं विचारतो. मुंबईच्या रंगभवनात १९८६ ला सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव पाहिलेली मंडळी तिथलं इथे मिसळतात, तेव्हा जागेची खूण मागायची: खुर्च्या होत्या की गवत? जागेची नावंही फसवी. ‘धनवटेला झाला’ म्हणजे झाशी राणी चौकातलं रंगमंदिर की काँग्रेसनगरचं कॉलेज, हे त्याच बैठकीत पक्कं करून घ्यायचं. आधीच्या माणसाने काय सांगितलं ते पुढच्याला सांगायचं नाही, नाहीतर दोन साक्षींची एकच साक्ष होते.

ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करायचं असेल तर हिशेब वेगळा. दुसऱ्याचं गाणं वाजवलेलं असेल तर मूळ गाण्याचे हक्क आणि वाजवणाऱ्यांची संमती, दोन्ही लागतात; फोटोला छायाचित्रकाराची. संमतीपत्र आम्ही पहिल्या भेटीतच भरून घेतो, कारण नंतर माणसं सापडत नाहीत. परवानगी नसलेली टेप गिऱ्हाइकाच्या घरापुरतीच राहते, आणि यावर आमच्याकडे घासाघीस होत नाही.

दुकानात येताना कॅसेट रिवाइंड करून आणू नका, आहे तशी आणा. मधेच थांबलेली टेप कुठे थांबली हेही कधीकधी कामाचं असतं. कव्हर, आतली चिठ्ठी, फाटका पास सगळं सोबत घ्या. पास चिकटवहीत लावलेला असेल तर ओढून काढू नका, अख्खी वहीच आणा. पासाच्या मागे छापखान्याचं नाव असू शकतं.