मापाची वही

"आक्का, राग मानू नका, पण हे खरे आहेत की बसवून घेतलेत?"

निपाणीत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. पडद्याआड माप द्यायला उभी असलेली बाई, तिचे हात वर, टेप तिच्या पाठीमागून पुढे घेतलेला, आणि तिची नजर पदराआडच्या माझ्या छातीवर. जरा वेळ इकडचं तिकडचं बोलून झालं की हा प्रश्न येतोच. मी ट्रान्स आहे, म्हणजे मुलगा म्हणून जन्मलेली बाई, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. फोनवर हाच प्रश्न वेगळा होऊन येतो. चिकोडी, खानापूर, पलीकडून गडहिंग्लज, माझ्यासारख्याच, पण वयाने लहान मुली विचारतात, "ताई, किती महिन्यांत येतात? गोळ्या दुप्पट घेतल्या तर लवकर येतील का? की सरळ ऑपरेशनच करून टाकू?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पडद्याआड उभ्या उभ्या सांगण्याइतकं ते थोडकं नाही.

खरे आहेत. मूल मुलगा म्हणून जन्मो की मुलगी म्हणून, छातीत दुधाच्या नळ्यांची सुरुवात दोघांच्याही असते. मुलगी वयात येते तेव्हा तिच्या अंडाशयातून इस्ट्रोजेन हे हार्मोन सुटतं आणि ती सुरुवात वाढीला लागते. माझ्या अंगाला ते इस्ट्रोजेन गोळीतून मिळालं आणि बारा-तेरा वर्षं उशिरा मिळालं. वाढली ती तीच ग्रंथी, तिच्याभोवती तीच चरबी.

आमचा बेळगाव जिल्हा सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीचा. डोंगरावर देवीचा जग, म्हणजे मुखवटा बसवलेली टोपली, डोक्यावर घेतलेले जोगप्पा, देवीला वाहिलेले आणि साडी नेसणारे, लहानपणापासून सगळ्यांनी पाहिलेले. देवीच्या नाचगाण्यातल्या ट्रान्स कलावंत मंजम्मा जोगतींना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा दुकानात बायका आपल्याच घरातलं काही झाल्यासारखं बोलत होत्या. त्यामुळे मलाही विचारतात, "देवीला सोडलंय काय?" नाही. माझ्या गळ्यात दर्शन, म्हणजे देवीला वाहिल्याची माळ, नाही. त्या वाटेपुढे मी हात जोडते, पण तिथे देवीचं बोलावणं आधी असतं. मला मात्र शरीरच असं हवं होतं. आंघोळ करताना खाली बघावं आणि डोळे मिटून घ्यावे लागू नयेत, एवढंच हवं होतं.

आता चूक सांगते, कारण फोन करणाऱ्या दहांतल्या सात-आठ मुली त्याच चुकीत असतात.

विसाव्या-एकविसाव्या वर्षी मी आणि माझी एक मैत्रीण माला-डीच्या गोळ्या खायचो. दुकानात कुणी काही विचारत नाही, पाकीट स्वस्त. एकीने भागेना म्हणून दोन, मग चार. त्या गोळीत एथिनिल इस्ट्राडिओल ०.०३ मिलिग्रॅम आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम असतं. ती पाळणा लांबवण्यासाठी बनवलेली गोळी आहे. तिच्यातलं इस्ट्रोजेन यकृताला लवकर मोडता येत नाही आणि रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढवतं. दुसरं औषध स्वतःच किंचित पुरुषी हार्मोनसारखं वागतं. म्हणजे ज्याच्यासाठी चार-चार खायच्या, त्याच्याच आड ते येतं. वर आम्ही दोघी बिडी ओढायचो, म्हणजे गुठळीचा धोका आणखीच. निपाणीच ती. अर्धं गाव तंबाखूवर उभं, १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी याच हायवेवर येऊन बसले होते. माझी आई आयुष्यभर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत आली, पंचवीसचा कट्टा बांधत आली. बिडी घरात मागावी लागत नव्हती.

एका सकाळी मैत्रिणीची डावी पोटरी सुजून लाल झाली. चालता येईना. चमक भरली असेल म्हणून आम्ही तेल चोळलं, जे कधीच करायचं नव्हतं. बेळगावला नेल्यावर सोनोग्राफीत शिरेत गुठळी निघाली. ती फुफ्फुसात गेली असती तर आज ती नसती. वाचली. अजून त्या पायात घट्ट मोजा घालते. मी घरी येऊन पाकिटं चुलीत टाकली.

मग डॉक्टर शोधायला लागले. पहिल्या डॉक्टरने कंपाउंडरसमोर हसून सांगितलं, लग्न कर, सगळं जाईल. पुढची कितीतरी वर्षं मी कुणाकडे गेले नाही. तेवढी वर्षं त्या एका हसण्यात गेली, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. शेवटी कोल्हापुरात हार्मोनचे डॉक्टर मिळाले. त्यांनी सगळं नीट ऐकलं, लिहून घेतलं आणि विचारलं, "बिडी ओढतेस?" हो म्हटल्यावर म्हणाले, "आधी ती सोड. मग गोळी." चार महिने लागले. घरात वास नको म्हणून आईने सूप उचलून परड्यात नेलं. थंडीत अंगावर घोंगडं घेऊन ती तिथे बसून बिड्या वळायची. मला एक शब्द बोलली नाही.

औषधं दोन होती. एक इस्ट्राडिओल, म्हणजे बाईच्या अंगात जे असतं तेच इस्ट्रोजेन. दुसरं स्पायरोनोलॅक्टोन, मुळात रक्तदाबाचं, पण पुरुषी हार्मोनला अडवतं. त्याने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून रोजचं शहाळं बंद करायला लावलं. ज्यांना आधी गुठळी झालीय किंवा वय जास्त आहे त्यांना बहुतेकदा गोळीऐवजी कातडीवर लावायचं जेल किंवा पट्टी देतात. पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी रक्त तपासलं. आणि सुरू करण्याआधी त्यांनी दोन गोष्टी समोर बसवून सांगितल्या. एक, स्वतःचं मूल होण्याची शक्यता कायमची जाऊ शकते, हवं असेल तर आधी वीर्य साठवून ठेव. दोन, छाती एकदा वाढली की गोळ्या थांबवून ती परत सपाट होत नाही. मुलींनो, या दोन गोष्टी कळल्याशिवाय पहिली गोळी तोंडात टाकू नका.

आता वहीकडे येते.

दुकानाच्या मापाच्या वहीत शेवटचं पान मी स्वतःसाठी ठेवलं. पण स्वतःचं माप स्वतः नीट घेता येत नाही. हात वर केले की टेप पाठीवर घसरतो, खाली केले की छाती दबते. मी दोन-तीनदा चुकीचं माप लिहून खोडत होते. आईने परड्यातून पाहिलं, हात धुऊन आत आली आणि म्हणाली, "ये हिकडं. मी धरतो."

बाहेरच्यांसाठी सांगायला हवं. आमच्या निपाणी-बेळगावकडच्या बायका 'मी जातो, मी आलो' असंच बोलतात. माझी आई, आजी, मामी, सगळ्या. हे लिहिताना मी शाळेतल्या मराठीसारखं 'गेले, आले' लिहिते, पण घरात मी आजही 'गेलो' म्हणते, आणि ते माझं जुनं रूप राहिलंय म्हणून नव्हे, आमच्या घरातल्या बायका तसं बोलतात म्हणून. कन्नडमध्ये तर 'नानु होदे' बाईही म्हणते आणि पुरुषही. पुण्यामुंबईच्या ट्रान्स मैत्रिणी क्रियापद बदललं तो दिवस सांगतात. माझ्याकडे तसा दिवस नाही. माझ्याकडे आईने टेप धरला तो दिवस आहे.

तिच्या अंगठ्याला आणि तर्जनीला तंबाखूचा तपकिरी रंग कायमचा. त्या बोटांनी तिने टेपची दोन टोकं समोर जुळवली, वाकून आकडा वाचला. जुलै २०१९. छाती चौतीस, खालचा घेर तेहेतीस.

गोळ्यांच्या चौथ्या महिन्यात डाव्या बाजूला, बोंडाच्या बरोबर खाली, हरभऱ्याएवढी टणक गाठ लागली. फक्त डाव्या. उजवी दीड महिन्याने आली. असं मागेपुढे होतं, घाबरू नका. दुखतं मात्र खूप. बसच्या गर्दीत कुणाचं कोपर लागलं तर डोळ्यांत पाणी यायचं, मशीनवर वाकताना टेबलाची कड लागली तरी जीव कळवळायचा. पालथं झोपणं सुटलं. तरीही त्या दुखण्याने मला जो आनंद दिला तो कशानेच दिला नव्हता.

सहा महिन्यांनी पस्तीस. वर्षाने पावणेछत्तीस. मधे २०२० चा लॉकडाऊन आला, महाराष्ट्राच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका बंद झाला, डॉक्टर आणि औषधं दोन्ही पलीकडे. पाच आठवडे गोळ्या नव्हत्या. मी रोज टेप लावून बघायची, पण माप उतरलं नाही. दोन वर्षांनी साडेछत्तीस. तिसऱ्या वर्षी पावणेसदतीस, आणि मग आकडा तिथेच थांबला.

ब्लाऊजही तसेच बदलले. पहिला बिनटक्सचा, सपाट. मग खालून एकेक टक्स. मग चार टक्सचा. प्रत्येक ब्लाऊजला बगलेखाली दीड इंच मार्जिन ठेवायची आणि दर चार-पाच महिन्यांनी शिलाई उसवायची. तिसऱ्या वर्षी स्वतःसाठी पहिला कटोरी ब्लाऊज कापला तेव्हा कात्री दोनदा खाली ठेवावी लागली.

माझ्या वहीवर विश्वास ठेवू नका, मी एकटी आहे. २०१८ मध्ये युरोपातल्या २२९ ट्रान्स स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हार्मोन सुरू करून वर्ष झाल्यावर छाती आणि खालचा घेर यांतला फरक सरासरी ७.९ सेंटिमीटर भरला, म्हणजे टेलरच्या टेपवर तीन इंच. जवळजवळ निम्म्यांची छाती ब्राच्या सर्वांत छोट्या कपाएवढीही भरली नव्हती. जास्तीत जास्त वाढ पहिल्या सहा महिन्यांतली. आणि ज्यांच्या रक्तात इस्ट्रोजेन जास्त होतं त्यांची छाती जास्त वाढली, असं काही दिसलं नाही. दुप्पट गोळीचं उत्तर यात आलं. जास्तीचं इस्ट्रोजेन पोटरीत उतरेल, छातीत नाही. तेल, मलम, 'आयुर्वेदिक' कॅप्सूल यांनीही काही होत नाही, पैसे जातात.

ऑपरेशनचं विचारता. मी केलेलं नाही. माझ्या दुसऱ्या एका मैत्रिणीने केलं, दोन भिश्या उचलून, आणि ती सुखी आहे. तिची गरज मी डोळ्यांनी पाहिली होती. आमच्यापैकी अनेकींचा छातीचा पिंजरा रुंद असतो, बोंडं एकमेकींपासून लांब असतात. त्या रुंदीवर तीन इंच कुठेच दिसत नाहीत. ती सांगायची, साडी नेसली की पदराखाली अजूनही मुलगाच उभा आहे असं वाटतं. तीन वर्षं गोळ्या घेऊन माप थांबल्यावर तिने केलं. हे थांबणं महत्त्वाचं. २०१७ च्या हार्मोनतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनाही किमान दोन वर्षं हार्मोन घेऊन झाल्यावरच छातीची शस्त्रक्रिया करा म्हणतात, कारण तोवर वाढ चालू असते. कापड धुऊन आटवून घ्यायच्या आधी कुणी ब्लाऊज कापतं का?

तिला छातीखालच्या घडीत छेद देऊन सिलिकॉन जेलचे इम्प्लांट, म्हणजे जेल भरलेल्या पिशव्या, बसवले, स्नायूच्या खाली. अंगावर मांस कमी असेल तर कड दिसू नये म्हणून तिथे ठेवतात, पण दुखणं जास्त. पंधरा दिवस तिला हात वर करून केस बांधता येत नव्हते, मी जाऊन वेणी घालायची. दीड महिना पाण्याची घागर उचलायची नाही. आणि इम्प्लांट जन्मभराचे नसतात, हे तिला आधीच सांगितलं होतं. शरीर त्यांच्याभोवती एक पापुद्रा तयार करतं, कधी तो आवळतो, छाती दगडासारखी होते, पुन्हा ऑपरेशन लागतं. खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटमुळे क्वचित एक प्रकारचा कॅन्सर आढळला, म्हणून २०१९ मध्ये त्यातले काही जगभरातून परत मागवले गेले. तेव्हा कुठला बसवणार हे विचारा, त्याचं कार्ड मागून घ्या, जपून ठेवा.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. कुणी घरात, लॉजवर सिलिकॉनचं इंजेक्शन देतो म्हणालं तर तिथून उठून या. ते तेल छातीत थांबत नाही, मांसात पसरतं, रक्तात गेलं तर फुफ्फुसात जाऊन जीव घेतं. पसरलेलं ते पूर्ण काढताही येत नाही.

आणि छाती खरी आहे म्हणजे तिची काळजीही खरी घ्यायची. नेदरलँड्समध्ये २,२६० ट्रान्स स्त्रियांची नोंद तपासून २०१९ मध्ये सांगितलं गेलं की त्यांतल्या १५ जणींना स्तनाचा कॅन्सर झाला होता. इतर बायकांपेक्षा कमी, पुरुषांपेक्षा जास्त. गाठ लागली तर लाजू नका, दाखवा.

मी ऑपरेशन का केलं नाही, असंही विचारतात. पावणेसदतीस मला पुरतं. नसतं पुरलं तर केलं असतं.

चिकोडीच्या ज्या मुलीने काल रात्री चौथ्यांदा मेसेज केलाय, तिच्यासाठी. मंगळवारी माझी कोल्हापूरची तारीख आहे. सकाळी आठला निपाणी स्टँडवर ये, मी पुस्तकाच्या स्टॉलजवळ उभी असेन. गोळ्यांचं जे पाकीट चालू आहे ते बरोबर आण, लपवू नकोस, डॉक्टरांना तेच आधी दाखवायचंय. रक्त द्यायचं असतं म्हणून काही खाऊन येऊ नकोस. भाकरी मी बांधून आणते.