टेम्पो नसलेली सायकलवारी

पुणे-गोवा ही माझी पहिली लांबची राइड. पैसे भरून, पंचवीस जणांबरोबर. सामान टेम्पोत, मेकॅनिकही टेम्पोतच, आणि थोड्या थोड्या अंतरावर केळी, चिक्की, इलेक्ट्रालचं पाणी. कराडच्या पुढे पंक्चर झालं तेव्हा मी फक्त सायकल आडवी केली नि चिक्की खात उभा राहिलो. पाच-सात मिनिटांत नवी ट्यूब. चैन होती अगदी. एकच सल राहिला: कोल्हापुरात मुक्काम असून मिसळ नाही. नाश्ता हॉटेलात ठरलेला होता. पोहे.

तेवढ्यावरून पुढच्या हिवाळ्यात मी आणि एक मित्र, दोघंच निघालो. श्रीवर्धन ते रत्नागिरी, किनाऱ्याकिनाऱ्याने, सामान कॅरिअरच्या दोन बाजूंना.

किनारा म्हटलं की सपाट रस्ता वाटतो. मोठ्या खाड्याच तीन आडव्या येतात. बागमांडल्याला फेरीत बसून वेश्वी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. धक्क्यावर पोचेपर्यंत नुसता उतार, आणि पलीकडे उतरलं की तेवढंच परत सड्यावर चढायचं. त्या चढावर मागच्या पिशव्यांमधला प्रत्येक कपडा नावानिशी आठवतो.

दुसऱ्या दिवशी लाडघरच्या पुढे माझं मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, मोठ्या ऐटीत निघालो, आठ किलोमीटरवर पुन्हा फुस्स. मित्र म्हणाला, "टायर आतून चाचपलास का?" नव्हता चाचपला. अंगठा आतून फिरवला तर टोचलंच काहीतरी: ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली तार, केसाएवढी. नखाने निघेना, शेवटी नेलकटरने ओढली. समोरच्या घरातल्या आजी पायरीवर बसून सगळा कार्यक्रम बघत होत्या. पाण्याचा तांब्या देत म्हणाल्या, "याचे पैसे मिळतात का रे तुम्हाला?"

दाभोळची फेरी अर्थातच चुकली. पण पुढची येईपर्यंत धक्क्यावर निवांत बसता आलं, मागून शिट्टी मारणारं कोणी नव्हतं.

आता कोणी "पैसे भरून जाऊ की आपलं आपण?" विचारलं तर मी आधी रस्ता कुठला ते विचारतो. हायवे असेल तर मुकाट पैसे भरा. ट्रकच्या गर्दीत मागे एक गाडी असलेली बरी. कोकणात जोडीनेच जा. बीआरएमची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांबच्या राइडची, तऱ्हा तिसरीच. आयोजक असतात, कार्डावर शिक्के असतात, पण बाहेरची मदत घ्यायची तर फक्त कंट्रोलवर, म्हणजे शिक्का घ्यायच्या ठिकाणी. २०० किलोमीटरला साडेतेरा तास. तिथे तार स्वतःच शोधावी लागते. लाडघर आधी झालं हे माझं नशीब.

तिसऱ्या दिवशी सकाळी गुहागरच्या पोस्टात जाऊन जीन्स, जादा बूट आणि एक जाडजूड पुस्तक घरी पार्सल केलं. अडीच किलो. तवसाळला पोचेपर्यंत पोस्टखात्याला दुवा देत होतो.

पार्सल माझ्यानंतर दोन दिवसांनी घरी आलं. आईने उघडलं. "जीन्सची इस्त्रीसुद्धा मोडली नाहीये," म्हणाली. "नेली कशाला होतीस?"