स्पार्टा: दगड थोडे, दंतकथा फार

अथेन्सहून बसने स्पार्टात उतरलं की आधी नजरेत भरतो तायगेटस पर्वत, आणि मग रस्त्याच्या दुतर्फा संत्र्याची झाडं. आखीव रस्त्यांचं हे गाव १८३४ मध्ये नव्याने वसवलेलं. जुनं स्पार्टा उत्तर टोकाला, ऑलिव्हच्या झाडांत. वाटेत स्पार्टाचा राजा लिओनिदास याचा पुतळा लागतो. फोटो काढून बरेच जण तिथूनच माघारी वळतात.

त्यांचंही चुकत नाही म्हणा. आत बघायला रोमन काळातलं एक नाट्यगृह आणि गवतात बुडालेली जोती. ग्रीक इतिहासकार थुसिडिडीसने इ.स.पू. पाचव्या शतकातच लिहून ठेवलंय, की उद्या हे शहर ओस पडलं आणि नुसती देवळं नि जोती उरली, तर ते एवढं बलाढ्य होतं यावर पुढच्यांचा विश्वास बसणार नाही. तंतोतंत!

मग आपल्या डोक्यातले स्पार्टन आले कुठून? जवळजवळ सगळे बाहेरच्यांच्या लेखणीतून. थर्मोपिलीच्या खिंडीत लिओनिदाससोबत पर्शियन सैन्याशी लढलेले ३०० इतिहासकार हिरोडोटसचे (स्वखुशीने मागे थांबलेले थेस्पिया या दुसऱ्या ग्रीक नगराचे ७०० जणही त्यानेच नोंदवलेत, पण ते कुणाला आठवतात?). लेखक झेनोफन मूळचा अथेन्सचा, पण स्पार्टाने दिलेल्या जमिनीवर राहायचा. तेव्हा कौतुक ओघाने आलंच. दुबळी अर्भकं टाकून देण्याची गोष्ट रोमन काळातल्या चरित्रकार प्लुटार्कची, तीही कैक शतकांनंतरची. स्पार्टाला कायदे घालून देणारा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या लायकर्गसबद्दल वादातीत असं काहीच सांगता येत नाही, हे तर प्लुटार्क त्याच्या चरित्राच्या सुरुवातीलाच कबूल करतो.

युरोटास नदीकाठचं आर्टेमिस ऑर्थिया देवीचं देऊळ मात्र चुकवू नका. इथे वेदीपाशी मुलांना चाबकाने फोडून काढायचे. त्यात मुलं मेलेली आपण पाहिली, असं प्लुटार्क लिहितो. पण तेव्हा रोमन अंमल होता. पुढे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात तर वेदीभोवती प्रेक्षकांसाठी चक्क दगडी बैठका बांधल्या गेल्या. त्यांचे पाये अजून दिसतात. म्हणजे पोथीतला स्पार्टन बघायला लोक येत होते, आणि गावही तो हौसेने दाखवत होतं.

याच जागी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश उत्खननात शिशाच्या लाखाहून अधिक चिमुकल्या मूर्ती निघाल्या, हस्तिदंती कंगवे निघाले. संग्रहालयात मी सगळ्यात जास्त रेंगाळलो ते मातीच्या मुखवट्यांपाशी. म्हातारे चेहरे, दात विचकलेले, गालांवर खोल सुरकुत्या कोरलेल्या. स्पार्टन शिस्तीवर पानंच्या पानं लिहिणारा झेनोफन यांच्याबद्दल अवाक्षर काढत नाही.