तालमीचा माणूस: इव्ह मोंतां

मार्सेयच्या एका कष्टकरी वस्तीत आई खिडकीतून आपल्या धाकट्या मुलाला हाक मारायची, 'इवो, मोंता!' म्हणजे 'इवो, वर ये!' पुढे रंगमंचासाठी नाव घेण्याची वेळ आली तेव्हा या मुलाने ती इटालियन हाकच फ्रेंच वळणावर नेली आणि इवो लीवीचा इव्ह मोंतां झाला. या गायक-अभिनेत्याविषयी लिहायचे बरेच दिवस मनात होते. एका संध्याकाळी त्याचे गाणे ऐकून मग रात्री त्याचा एक चित्रपट पाहिला, आणि दोन्हींमध्ये एकच माणूस काम करतो आहे हे ध्यानात आल्यावर लिहिणे टाळता येईना.

त्याचा जन्म १३ ऑक्टोबर १९२१ रोजी इटलीतील तोस्काना प्रांतात, मोन्सुम्मानो येथे झाला. वडील कम्युनिस्ट होते, आणि मुसोलिनीच्या माणसांमुळे तेथे राहणे अशक्य झाल्यावर कुटुंबाने मार्सेय गाठले. मुलाची शाळा लवकर सुटली. शेवयांच्या कारखान्यात, बहिणीच्या केशकर्तनालयात आणि बंदरावर अशी मिळतील ती कामे करत तो वाढला, आणि अमेरिकी चित्रपट पाहून काउबॉयची गाणी गाऊ लागला. फ्रान्समधला हा पोरगा टेक्सासच्या माळरानाची गाणी म्हणत होता आणि मार्सेयच्या श्रोत्यांना ती आवडतही होती.

१९४४ मध्ये पॅरिसच्या मुलँ रूजमध्ये त्याची गाठ नामवंत गायिका एदित पियाफशी पडली. कार्यक्रम तिचा होता आणि हा तिच्या आधी गाणारा होता. तिने त्याला काउबॉयची टोपी उतरवायला लावली, नवी गाणी मिळवून दिली, काही काळ त्याच्यावर प्रेमही केले, आणि मग स्वतःच त्याला सोडून दिले. त्यानंतर त्याने घडवलेले रूप अखेरपर्यंत टिकले: तपकिरी शर्ट, तपकिरी पँट, उघडी कॉलर, टाय नाही. कामावरून थेट आलेल्या माणसासारखा तो मंचावर येई. बोट कोणत्या शब्दावर उचलायचे, खांदा कुठे पाडायचा, टोपी कशी फिरवायची, हे सारे आरशासमोर घोटून घोटून पक्के केलेले असे, आणि समोरच्याला मात्र ते त्या क्षणी सुचल्यासारखे वाटे. सहजपणासाठी इतके राबणारा गायक विरळा.

त्याच्या सर्वांत प्रसिद्ध गाण्याची सुरुवात मात्र अपयशातून झाली. मार्सेल कार्नेच्या १९४६ च्या एका चित्रपटात मुख्य भूमिका झां गाबँ आणि मार्लेन डिट्रिश करणार होते. त्यांनी माघार घेतली आणि नवख्या मोंतांची वर्णी लागली. चित्रपट पडला. त्यात जोझेफ कोस्माच्या चालीवर जाक प्रेव्हेरचे, गळून पडलेल्या पानांचे गीत होते. मोंतांने ते चित्रपटाबरोबर विसरले जाऊ दिले नाही, मंचावरून गात राहिला, आणि पुढे ते इंग्रजीतून व जॅझमधून जगभर गेले. तो हे गाणे अर्धे बोलतो आणि अर्धे गातो. फ्रेंच येत नसतानाही त्यातला पश्चात्ताप कळतो तो या बोलण्याच्या लयीमुळे, असे मला वाटते.

अभिनेता म्हणून त्याची दखल घ्यायला लावली ती आँरी-जॉर्ज क्लूझोच्या १९५३ च्या चित्रपटाने. चार माणसे दोन ट्रकमधून नायट्रोग्लिसरीन घेऊन खराब रस्त्यावरून निघतात आणि एका धक्क्यात सगळे संपू शकते, एवढीच गोष्ट आहे. तेलाने भरलेल्या खड्ड्यातून ट्रक काढताना मोंतांचा मारिओ, पुढे उभ्या असलेल्या जोडीदाराच्या पायावरून चाक जाणार हे दिसत असूनही, ट्रक थांबवत नाही. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर क्रौर्य नसते, केवळ गाडी रुतू नये ही काळजी असते, आणि म्हणूनच ते बघवत नाही.

१९४९ मध्ये सें-पोल-द-व्हाँस येथे त्याला अभिनेत्री सिमोन सिन्योरे भेटली आणि १९५१ मध्ये त्यांचे लग्न झाले. १९६० च्या हॉलिवूडपटाच्या वेळच्या मॅरिलिन मन्रो प्रकरणावर आजवर इतकी शाई खर्च झाली आहे की मी आणखी करत नाही.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्याचे राजकारण. तो कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य कधीच नव्हता, पण घरच्या संस्कारांमुळे कम्युनिस्टांचा सहप्रवासी होता. सोव्हिएत दौरा ठरलेला असतानाच नोव्हेंबर १९५६ मध्ये सोव्हिएत रणगाडे हंगेरीच्या राजधानीत, बुडापेस्टमध्ये, शिरले. जाणे आणि न जाणे दोन्ही शिव्या खाण्याचेच होते, आणि तो गेला. मॉस्कोत सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्ह आणि त्याच्या सहकाऱ्यांबरोबर जेवायला बसल्यावर या नवराबायकोने हंगेरीविषयी सरळ विचारले. उत्तरांनी समाधान झाले नाही. श्रद्धा त्यानंतर हळूहळू आटत गेली आणि १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाड्यांखाली प्राग चिरडले गेल्यावर उरलीसुरलीही संपली.

मग १९७० मध्ये कोस्ता-गाव्रासचा 'कबुलीजबाब' या अर्थाच्या नावाचा चित्रपट आला. १९५२ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या कम्युनिस्ट राजवटीने आपल्याच नेत्यांवर प्रागमध्ये चालवलेल्या बनावट खटल्यात चौदा आरोपींपैकी अकरा जणांना फाशी झाली. वाचलेल्या तिघांपैकी आर्तुर लाँडन या माजी उपपरराष्ट्रमंत्र्याच्या आठवणींवर तो बेतलेला आहे. मोंतांने भूमिकेसाठी बरेच वजन उतरवले, आणि आरोपीच्या पत्नीची भूमिका सिन्योरेने केली. त्यात आरोपीकडून न केलेल्या गुन्ह्यांची कबुली अक्षरशः पाठ करून घेतात. वाक्य चुकले की पुन्हा, सूर चुकला की पुन्हा. प्रत्यक्ष खटल्यात एका आरोपीची सैल झालेली पँट घसरते आणि सारे न्यायालय, आरोपींसकट, हसत सुटते. आयुष्यभर तालमीवर जगलेल्या कलावंताने तालीम हे छळाचे साधन झालेले दाखवावे, हे मला त्याच्या सगळ्या कामात सर्वांत धाडसाचे वाटते. जुन्या सोबत्यांनी त्याला गद्दार ठरवले, आणि कट्टर कम्युनिस्ट असलेल्या थोरल्या भावाशीही दुरावा आला.

मधल्या काळात तो क्लोद सोतेच्या चित्रपटांतला बडबड्या, मत्सरी, प्रेमळ मध्यमवयीन पुरुष झाला, लुई द फ्युनेसबरोबर विनोदी भूमिकेतही दिसला. १९८१ मध्ये साठीला टेकलेला असताना तो पॅरिसच्या ऑलिंपिया या संगीतगृहाच्या मंचावर परतला, आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात गायला. ९ नोव्हेंबर १९९१ रोजी एका चित्रपटाचे काम संपत आलेले असताना हृदयविकाराने तो गेला, आणि पॅरिसमध्ये पेर लाशेझ दफनभूमीत सिन्योरेशेजारी त्याला पुरले.

पण त्या रात्री मी पाहिला तो १९८६ चा क्लोद बेरीचा, दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हाँसमधल्या पाण्याच्या झऱ्याची गोष्ट सांगणाऱ्या जोडचित्रपटांपैकी दुसरा. याच चित्रपटांचे चित्रीकरण चालू असताना, सप्टेंबर १९८५ मध्ये, सिन्योरे गेली होती. मोंतांचा म्हातारा जमीनदार एका कुबड्या शेजाऱ्याचा झरा चोरून बुजवतो आणि तो शेजारी पाण्यापायी मरतो. पुष्कळ वर्षांनी एक आंधळी वृद्धा म्हाताऱ्याला सांगते की तरुणपणी तो आफ्रिकेत सैन्यात असताना त्याच्या प्रेयसीने पत्र लिहिले होते, ते त्याला मिळालेच नाही, आणि ती गरोदर होती. म्हातारा विचारतो, मूल जिवंत जन्मले का? हो, जिवंत, ती म्हणते, पण कुबडे. इतक्या वर्षांच्या घोटलेल्या हातवाऱ्यांपैकी एकही मोंतां इथे वापरत नाही.