दोन्ही हातांना मुंग्या

प्रिस्क्रिप्शनवर एकच ओळ होती: उजवा खांदा, रोटेटर कफ (खांदा फिरवणारे स्नायू), आठवड्यातून दोनदा फिजिओ. डॅलसच्या आसपास फिजिओथेरपी करणाऱ्या कोणालाही असे कागद सारखे येतात. इथे ज्याचा खांदा दुखतो तो बहुतेक वेळा शाळेत कधीतरी फुटबॉल, म्हणजे धडकाधडकीचा अमेरिकन फुटबॉल, खेळलेला निघतो. हे गृहस्थ मात्र शाळेपुरते थांबले नव्हते. नव्वदच्या दशकात ते एनएफएलमध्ये, म्हणजे या खेळाच्या व्यावसायिक लीगमध्ये, फुलबॅक होते. संघाचं नाव सांगत नाही, ओळख पटेल असे दोन-चार तपशीलही बदललेत. हल्ली ते एका शाळेच्या मुलांना शिकवतात, म्हणून सगळे त्यांना ‘कोच’ म्हणतात. मीही तेच म्हणते.

परळला शिकत होते तेव्हा या खेळाचा मला गंधही नव्हता. इथे पेशंटनीच तो शिकवला. चेंडू घेऊन पळतो तो रनिंग बॅक. त्याच्या दोन-तीन पावलं पुढे फुलबॅक. खेळ सुरू झाला की फुलबॅक समोरच्या फटीत, म्हणजे ‘होल’मध्ये, आधी घुसतो, पलीकडून धावत येणाऱ्या लाइनबॅकरला, म्हणजे समोरच्या बचावपटूला, धडकतो आणि त्याला वाटेतून बाजूला काढतो. मागचा त्या वाटेने निघून जातो. टाळ्या त्याला, आकडे त्याच्या नावावर. दहीहंडीतल्या खालच्या थरासारखं म्हणावं, तर खालच्या थरावर निदान कोणी धावत येऊन आदळत नाही.

डॅलसमध्ये याचं घरोघरी माहीत असलेलं उदाहरण म्हणजे डॅरिल जॉन्स्टन. रनिंग बॅक एमिट स्मिथच्या नावावर धावण्याचे १८,३५५ यार्ड आहेत आणि तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. त्यातली दहाएक वर्षं त्याच्या पुढे जॉन्स्टन असायचा. त्याचे स्वतःचे यार्ड अख्ख्या कारकिर्दीत मिळून साडेसातशेच्या घरात. प्रेक्षक त्याला ‘मूऽऽज’ अशी टोपणनावाने हाक मारायचे, आणि नवख्या माणसाला ते ‘बूऽऽ’ ऐकू येऊन वाटायचं, हुर्यो उडवतायत. २०१० साली हॉल ऑफ फेममध्ये जाताना स्मिथने भर व्यासपीठावरून त्याचे आभार मानले तेव्हा दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. जॉन्स्टनला मानेने थांबवलं. टॅम्पाचा माइक ऑल्स्टॉट, तोही फुलबॅक, तोही मानेपायीच थांबला. त्यामुळे खांद्याच्या कागदावर ‘माजी फुलबॅक’ वाचलं की माझी नजर आधी मानेकडे जाते.

कोच आले ते पत्नीला घेऊन. फॉर्म तिनेच भरला. सहीपुरतं पेन त्यांनी घेतलं, आणि ते बोटांत न धरता मुठीत धरलं. पायांत लेस नसलेले बूट, अंगात डोक्यावरून घालायचा टी-शर्ट. टेक्सासच्या उन्हाळ्यात हे काही वेगळं नाही, पण मुठीतलं पेन माझ्या डोक्यातून जाईना.

खांदा तपासला. दुखत होता, पण हात वर जात होता, ताकदही बऱ्यापैकी होती. नुसता खांदा असता तर व्यायाम दाखवून मोकळी झाले असते. मी विचारलं, “कोच, शर्टाची बटणं लावायला त्रास होतो का?”

ते काही बोलले नाहीत. पत्नी म्हणाली, “किती महिने झाले, मीच लावून देते.”

त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की मीच जरा बावरले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅम, सरळ सांगा. केविनला झालं तेच मला झालंय का?”

कोणता केविन, हे विचारायची गरज नव्हती. केविन टर्नर पेट्रियट्स आणि ईगल्स या संघांकडून आठ सीझन फुलबॅक खेळला. २०१० साली त्याला एएलएस असल्याचं निदान झालं. स्नायू एकेक करून साथ सोडतात आणि इलाज नाही. डोक्याच्या इजांवरून माजी खेळाडूंनी लीगविरुद्ध जो मोठा खटला केला, त्यात पुढे उभा राहिलेला चेहरा त्याचा. २०१६ च्या मार्चमध्ये तो गेला, ४६ व्या वर्षी. बॉस्टन विद्यापीठाच्या डॉक्टरांना त्याच्या मेंदूत सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांनी होणारा मेंदूचा आजार, गंभीर अवस्थेत सापडला, आणि एएलएससारखी लक्षणंही त्यातूनच आली असं त्यांचं म्हणणं पडलं. हाताने न ऐकणं हे एएलएसचं अगदी सुरुवातीचं लक्षण असू शकतं. हे फुलबॅक खेळलेल्या माणसाला मी काय सांगणार? खांद्याचं नाव करून त्यांनी हात डॉक्टरांपासून लपवून ठेवले होते.

निदान करणं माझं काम नाही, आणि तसं त्यांना सांगितलंही. पण तपासणं माझं काम आहे.

दहा सेकंदांत मूठ जितक्या वेळा उघडता-मिटता येईल तितकी करा, म्हटलं. निरोगी माणूस वीसच्या वर जातो. ते अकरावर अडकले, आणि बोटं उघडताना एकेक करून सुटत होती. मधल्या बोटाच्या नखावर मी टिचकी मारली तर अंगठा आपोआप आत वळला. हे हॉफमनचं चिन्ह. गुडघ्यावर हातोडी लागताच पाय उसळला. जमिनीवरच्या पट्टीवर टाचेला पंजा लावून चालायला सांगितलं तर चौथ्या पावलाला भिंत धरली. एवढं सगळं एएलएसमध्येही दिसू शकतं आणि मानेत मज्जारज्जू चेपला तरीही, म्हणून माझा घसा कोरडा पडला होता.

मग जीभ पाहिली: वळवळ नाही. हनुवटीवर हातोडीने हलकेच ठोकलं. प्रतिक्षेप अगदी साधा. म्हणजे जी काही गडबड होती ती मानेच्या वर दिसत नव्हती. शेवटी कापसाचा बोळा घेतला, डोळे मिटायला सांगितले आणि बोटांवरून फिरवला. तीन बोटांवर त्यांना तो कळलाच नाही. दुसऱ्या हाताचंही तेच.

“मुंग्या येतात?”

“येतात. स्टिंगर. बावीस वर्षांचा असल्यापासून येतात.”

स्टिंगर म्हणजे धडकेनंतर मानेपासून हातात वीज उतरल्यासारखी कळ. पण ती एका हाताला येते, मानेतून निघालेली नस ताणली किंवा चेमटली की. दोन्ही हातांना एकदम, तेही कोणी धडकलेलं नसताना, हा मामला नसेचा नाही, मणक्याच्या आतल्या मज्जारज्जूचा. आणि एएलएसमध्ये स्पर्श सहसा जात नाही. बधिर बोटं बघून मला हायसं वाटलं, असं आजवर कधी झालं नव्हतं.

त्यांना एवढंच म्हटलं की मला ही मान वाटतेय, आज इथे कसलाही व्यायाम करायचा नाही, मान कोणाकडूनही मोडून घ्यायची नाही आणि एमआरआय लवकरात लवकर. त्यांच्या डॉक्टरांना मी तिथल्या तिथे फोन लावला.

फोनवर वाट बघत असताना कोचनी मला ब्लॉक, म्हणजे समोरच्याला धडकून वाटेतून काढणं, समजावून सांगितला. उठून दाखवणार होते, मी बसवलं. त्यांच्या काळी शिकवायचे, समोरच्याच्या छातीवरच्या नंबरात तोंड घाल. मान ताठ असेल तर तिला मागून एक वळण असतं, ते धक्का पचवतं. डोकं जरासं खाली गेलं की मान सरळ खांबासारखी होते, आणि मग सगळा भार एकावर एक मणक्यांवर. फिलाडेल्फियाचे डॉक्टर जोसेफ टॉर्ग यांनी आयुष्य घालवलं ते याच अभ्यासात. १९७६ साली शाळा-कॉलेजात डोकं पुढे करून धडकायला बंदी आली, त्यानंतर मानेखाली लुळं पडणाऱ्या मुलांची संख्या खूप घटली. एनएफएलने हेल्मेट खाली घालून धडकण्याचा नियम असा सरसकट कडक केला तो २०१८ साली. फुलबॅकला तर होलमध्ये शिरताना खालीच व्हावं लागतं. जो खाली तो जिंकतो.

मग फोनवर एक जुनी क्लिप दाखवली. रनिंग बॅक सुटतो, स्टेडियम उठतं, समालोचक त्याचंच नाव घेतोय. “मी हा,” म्हणून कोचनी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात दोन माणसांखाली दिसणाऱ्या पायांवर बोट ठेवलं. त्यात कडवटपणा नव्हता, चक्क अभिमान होता. हल्ली बऱ्याच संघांना फुलबॅक नकोच असतो, पण सॅन फ्रान्सिस्कोच्या काइल यूझचेकवर त्यांचा जीव. “हार्वर्डला शिकला आणि हे काम पत्करलं!”

एमआरआय दोन दिवसांत झाला. मानेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी मज्जारज्जू चेपला होता. पत्नीचा फोन आला तेव्हा मागून कोच ओरडत होते, “सांग तिला, मान आहे! नुसती मान!” मानेवर मोठी शस्त्रक्रिया ठरल्याची बातमी इतक्या आनंदात सांगणारं घर मी दुसरं पाहिलेलं नाही.

पैशांचं म्हणाल तर, पुरेसे सीझन खेळलेल्याला निवृत्तीनंतर पाच वर्षं विमा मिळतो आणि मान कुरकुरायला लागते त्याच्या कितीतरी नंतर. त्या खटल्याची भरपाई मेंदूच्या आजारांसाठी. मान, गुडघे त्यात बसत नाहीत. मला हे पटत नाही, पण माझ्या पटण्याला कोण विचारतो.

शस्त्रक्रियेने बिघाड थांबतो, गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. कोचची बटणं आता लागतात, कॉलरचं सोडून. डाव्या हाताची दोन बोटं अजून बधिर आहेत. सध्या आमचा वाद वेगळाच चाललाय. मुलांना ब्लॉक करून दाखवायची सर्जनने कायमची बंदी केली आहे आणि त्यांना ती माझ्याकडून शिथिल करून हवी आहे. तोंडी सांगा, म्हटलं.

“पोरं ऐकतात कुठे, मॅम!”